आकड्याची साक्ष

आकडा दिसला कीं सुशिक्षित मनुष्य वाद थांबवितो, असा आमचा अनुभव आहे. ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवून आजीनें 'अंग कढत आहे' म्हटलें, तर तें तिचें मत ठरतें. काखेंतल्या थर्मामीटरनें १०१ दाखविले, कीं तेंच ज्ञान ठरतें. थर्मामीटर काखेंत नीट बसला होता काय, पोरानें नुकताच गरम दुधाचा पेला अंगाशीं धरला होता काय, हे प्रश्न आकड्याला कोणी विचारीत नाहीं. आजीला मात्र दहा विचारतील.

हा विषय सुचण्याचें कारण संगणक. गेल्या वैशाखांत आमच्या कुटुंबांत एका आकड्यावरून जवळजवळ पंधरवडाभर अस्वस्थता होती, आणि त्या आकड्यामुळें घरांतल्या एका निरपराध माणसावर ठपका आला होता. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आतां संगणक आहे, आणि उन्हाळा तर सर्वांच्याच घरीं येतो. म्हणून ती हकीकत कांहींशा विस्तारानें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं.

आमचें बिऱ्हाड नांदेडास आणि धाकट्या बंधूंचें लातुरास. मधला रस्ता लोहा, अहमदपूर, चाकूर करीत तीन-साडेतीन तासांचा. चुली दोन असल्या तरी जमाखर्च एक, आणि मोठ्या खर्चाचा निर्णय उभयतांच्या विचारानें, ही वडिलांच्या वेळेपासूनची रीत आहे. बंधूंची सून वास्तुरचनेचें शिक्षण घेतलेली असून पुण्याच्या कांहीं अभियंत्यांसाठीं घरांचीं चित्रें संगणकावर तयार करून देते. घर बांधण्यापूर्वीं तें कसें दिसेल, सकाळचें ऊन कोणत्या खिडकींतून कोठवर येईल, हें त्या चित्रांत हुबेहूब दाखवावें लागतें. एकेक चित्र पुरें होण्यास यंत्राला दोन-दोन तास अखंड राबावें लागतें. म्हणून तिनें आठ गाभ्यांचा एक दणकट संगणक, वापरलेला पण चांगल्या स्थितींतला, स्वतःच्या मिळकतींतून विकत घेतला होता. तिच्या या कामावर घरांतल्या दोघां मुलांच्या शिकवणीचा खर्च चालतो. लातुरांत शिकवणीचा खर्च म्हणजे काय, हें मराठवाड्यांतल्या वाचकांस सांगावयास नको.

वैशाखांत हा संगणक दुपारीं काम चालू असतां एकाएकीं बंद पडूं लागला. फुंकर घालून दिवा विझवावा तसा विझे. प्रथम दोन दिवसांनीं एकदां, मग रोज. पडद्याच्या कोपऱ्यांत प्रोसेसरचें उष्णतामान दाखविणारा एक लहानसा जुना प्रोग्राम पूर्वींच्या मालकानें बसवून ठेविलेला होता. काम चालू असतां तो ८६, ८८, क्वचित् ९० अंश दाखवी. बाजारांतल्या एका दुकानदारास बोलाविलें. त्यानें आकडा पाहिला, मान हालविली, आणि प्रोसेसर उष्णतेनें खलास होत आला आहे, मदरबोर्डासह सगळेंच बदलावें लागेल, असें सांगून पन्नास हजारांच्या घरांतला अंदाज कागदावर लिहून दिला. जातां जातां म्हणाला, "यंत्र दिवसभर तापत ठेवलें कीं असेंच व्हायचें."

दुकानदार गेला, वाक्य घरांत राहिलें. बंधूंच्या घरीं दुष्ट कोणी नाहीं. सासूबाई एवढेंच म्हणाल्या कीं रात्रीं उशिरापर्यंत चालू ठेवायचें म्हणजे जरा अतीच होतें. बंधू म्हणाले, काम थोडें कमी घेतलें असतें तर बरें झालें असतें. सून म्हणे, "त्या आकड्यांत वीस अंश जास्तीचे धरलेले आहेत. यंत्र तेवढें तापलेलें नाहींच." पण पडद्यावर ८८ ढळढळीत दिसत असतां हें म्हणणें कोणालाहि सबबीसारखेंच वाटावें. त्यांत पुतण्यानें खात्रीसाठीं दुसरा एक प्रोग्राम आणून बसविला, आणि त्यानेंहि ८८ च दाखविले. मग तर प्रश्नच उरला नाहीं. फोनवर ही हकीकत ऐकली तेव्हां आम्हांस यंत्रापेक्षां त्या मुलीची काळजी अधिक वाटली. पैसे देण्यापूर्वीं आपण तेथें येतों, असें बंधूंस कळवून आम्ही दुसऱ्या दिवशीं निघालों. पिशवींत भिंतीवर टांगण्याचा एक साधा थर्मामीटर तेवढा घेतला.

प्रोसेसर तापतो, यांत आश्चर्य कांहींच नाहीं. अंगठ्याच्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यांत कोट्यवधि सूक्ष्म बटणें उघडमीट करीत असतात, आणि त्यांना दिलेली वीज शेवटीं उष्णतेच्याच रूपानें बाहेर पडते. ज्या प्रोसेसरची ही कथा आहे त्याची शीतनव्यवस्था ९५ वॅट उष्णता धरून योजिलेली असते. पूर्वीं आपल्या घरोघर शंभर वॅटचा काचेचा दिवा असे. त्याला चालू असतांना हात लावून पाहणारास त्या उष्णतेची आठवण असेलच. ती सगळी एका नखावर साठवावयाची! म्हणून त्याच्यावर धातूचा ठोकळा बसवितात, ठोकळ्याला पातळ पत्र्यांचे पंख असतात, आणि त्यांवर वारा घालणारा पंखा असतो. प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामध्यें हवेची फट राहूं नये म्हणून थर्मल पेस्ट नांवाचा लेप देतात. या सगळ्या योजनेला एक मर्यादा आहे. पंखा खोलींतलीच हवा फिरवितो. खोलीहून थंड करणें त्याच्या हातीं नाहीं. खोली २४ अंशांवर असतां जो प्रोसेसर ६० अंशांवर राहतो, तोच त्याच कामाला खोली ३८ वर गेली कीं ७४ च्या आसपास जातो. लातूर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारें ६३० मीटर उंच, म्हणून नांदेडपेक्षां तेथें किंचित् सुसह्य. तरी वैशाखांतल्या दुपारीं सिमेंटच्या छपराखालीं फरक तो कितीसा राहणार? थंड करण्याचें साधन नसलें तर केवढेंहि यंत्र थांबतें, हें आपल्या भागाला नवीन नाहीं. परळीचें औष्णिक विद्युत्केंद्र २०१५ सालीं बंद ठेवावें लागलें तें कोळशाअभावीं नव्हे, पाण्याअभावीं.

आतां आकड्याकडे वळूं. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'नें ज्यांच्या शास्त्राध्ययनाला आरंभ झाला त्यांस चार प्रमाणें मुखोद्गत असतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. इंद्रियांनीं कळलें तें प्रत्यक्ष. डोंगरावरचा धूर पाहून तेथें अग्नि आहे असें ठरविलें तें अनुमान. आणि यथार्थ बोलणाऱ्या माणसाच्या सांगण्यावरून कळलें तें शब्द. पडद्यावरचा आकडा आपण डोळ्यांनीं पाहतों, म्हणून तो प्रत्यक्ष वाटतो. पण डोळ्यांनीं पाहिला तो आकडा. उष्णता कोणी पाहिली? प्रोसेसरच्या पोटांत एक सूक्ष्म सेन्सर असतो. उष्णतेप्रमाणें त्याचा विद्युद्दाब बदलतो, त्या बदलाची एक संख्या बनते, ती एका खणांत ठेविली जाते. तेथून ती प्रोग्राम उचलतो, आपल्याजवळच्या सूत्रानें तिचे अंश करतो, आणि मग पडद्यावर लिहितो. म्हणजे एकानें पाहिलें, दुसऱ्यानें लिहून घेतलें, तिसऱ्यानें भाषांतर केलें आणि चौथ्यानें आपणांस वाचून दाखविलें. हा सगळा शब्दाचा प्रांत आहे, आणि शब्द प्रमाण ठरावयाचा तर बोलणारा आप्त पाहिजे. भाषांतर करणाऱ्यास मूळ भाषाच येत नसेल, तर मूळ साक्षीदार कितीहि सत्यवादी असला तरी आपल्या कानीं भलतेंच पडावयाचें. कावीळ झालेल्यास शंख पिवळा दिसतो, हें शास्त्रकारांचें आवडतें उदाहरण. शंखाचा दोष नाहीं. मध्यें पित्त आहे.

पुतण्याच्या दुसऱ्या प्रोग्रामचेंहि तेंच. दोन्ही प्रोग्राम जुने, दोन्ही त्याच एका सेन्सरकडे गेले, आणि दोघांजवळहि सूत्र एकच. एका माणसाची साक्ष दोन कारकुनांनीं उतरून घेतली म्हणून साक्षीदार दोन होत नाहींत.

सुनेचें म्हणणें काय होतें, तें आतां पाहूं. ए. एम. डी. या अमेरिकन कंपनीनें २०१७ च्या मार्च महिन्यांत 'रायझन' नांवाच्या प्रोसेसरांची नवी मालिका बाजारांत आणली. त्यांतल्या १७००एक्स आणि १८००एक्स या जाती आपलें उष्णतामान खऱ्याहून २० अंश अधिक सांगतात. ही चूक नव्हे. ही योजना आहे. मालिकेंतल्या निरनिराळ्या प्रोसेसरांना पंख्याचा एकच नियम लागू पडावा म्हणून, ज्यांचा पंखा लौकर वेग धरावा त्यांचा आकडाच वाढवून ठेविला. कंपनीनें हें त्याच महिन्यांत उघडपणें सांगितलेंहि. पुढच्या वर्षींच्या २७००एक्स मध्यें ही भर १० अंशांची आहे. नवे प्रोग्राम ती भर वजा करून दाखवितात. जुन्यांना ती ठाऊकच नाहीं. सुनेचा प्रोसेसर १७००एक्स जातीचा होता. म्हणजे ८८ चे खरे ६८, आणि त्या जातीची कमाल मर्यादा ९५ अंशांची. वैशाखांतल्या लातुरांत राबणाऱ्या यंत्राला ६८ म्हणजे प्रकृति ठणठणीतच म्हणावयाची. तिनें हें सर्व वाचलेलें होतें, घरांत सांगितलेलेंहि होतें. पण सुनेचा शब्द एका बाजूला आणि आकडा दुसऱ्या बाजूला!

कंपनी म्हणते एवढ्यावरून घरच्यांचें समाधान होईना. आणि तें व्हावें असेंहि आम्हांस वाटेना, कारण तोहि शेवटीं शब्दच. तेव्हां परीक्षा करण्याचें ठरलें. रात्रीं संगणक पूर्ण बंद ठेविला, आवरणाची एक बाजू उघडून ठेविली, शेजारीं आमचा थर्मामीटर टांगला. पहांटे साडेपांचला त्यांत २९ अंश होते. ठोकळ्याच्या पंखांना हात लावला. देव्हाऱ्यांतल्या ताम्हनाइतके थंड. संगणक चालू केला आणि कांहीं काम न देतां एक मिनिट थांबलों. पडद्यावर ५५. बंधूंनीं स्वतः पुन्हा हात लावून पाहिला. पंख अजून थंडच. रात्रभर निवलेली वस्तु काम न करतां मिनिटभरांत सव्वीस अंश तापावी, आणि तिला घट्ट चिकटून बसलेल्या धातूला त्याचा पत्ताहि नसावा, हें संभवत नाहीं. त्यांतून २० वजा केले तर ३५ उरतात. तें मात्र संभवतें.

मग चित्राचें काम लाविलें. आकडा चढत चढत ८४ वर गेला आणि तेथें स्थिर राहिला. बाहेर पडणारा वाराहि कोमट होत गेला. काम थांबवितांच आकडा झरझर उतरला. अर्थात् सेन्सर मेलेला नव्हता, अडकलेलाहि नव्हता. त्याची चाल खरी होती, फक्त आरंभच वीस पायऱ्या वरून होता. तिसरी गोष्ट सुनेनेंच दाखविली, आणि आमच्या मतें तीच सर्वांत महत्त्वाची. प्रोसेसर खरोखर आपल्या मर्यादेला पोंचला, तर तो आधीं स्वतःचा वेग कमी करतो. चढावर धाप लागलेला मनुष्य पावलें मंद टाकतो तसा. इतकें करूनहि उष्णता आवरली नाहीं, तरच शेवटचा उपाय म्हणून वीज तोडतो. तिनें वेगाचे आकडे टिपून ठेविले होते. हा संगणक दर वेळीं भर वेगांत असतां विझत होता. धाप न लागतां मनुष्य कोसळला तर वैद्यानें चढाला दोष देण्यापूर्वीं दुसरें कांहीं पाहावें.

उष्णता सुटली, मग दोषी कोण? दुपारींच बंद पडतो, ही एक खूण होती. दुपारीं खोली तापते, त्याचबरोबर आळींतले सगळे कूलर चालू होऊन विजेचा दाब उतरतो, आणि सुनेचें मोठें कामहि तेव्हांच चालतें. संगणकाला घरची वीज परस्पर चालत नाहीं, एस. एम. पी. एस. नांवाची पेटी तिचे १२ व्होल्ट, ५ व्होल्ट असे लहान प्रवाह करून देते. प्रोग्रामांत तोहि आकडा होता: १२ च्या ठिकाणीं ८.१. हा मात्र उघड उघड असंभव. बारांऐवजीं आठ व्होल्ट खरोखर मिळत असते तर तें यंत्र सुरूच झालें नसतें. येथेंहि भाषांतराचाच घोळ. मदरबोर्डावरचा मापक १२ व्होल्ट सरळ मोजूं शकत नाहीं. तो दाब आधीं ठराविक प्रमाणांत कमी करून घेतात, आणि तें प्रमाण बोर्डागणिक वेगळें असतें. प्रोग्रामजवळ दुसऱ्याच बोर्डाचें प्रमाण असलें कीं असे चमत्कार दिसतात. तेव्हां हा आकडाहि बाजूस ठेवून गंजगोलाईजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक वयोवृद्ध कारागीर आहेत, त्यांना मल्टिमीटर घेऊन दुपारीं बोलाविलें. सोळा रस्ते जेथें मिळतात त्या बाजारांत असा एक तरी जुना मनुष्य सांपडतोच. त्यांनीं तारेच्या जोडावर सुया टेकविल्या. काम नसतां १२.० व्होल्ट. काम लाविल्यावर ११.५, मग ११.३, मग ११.१, आणि आमच्या डोळ्यांदेखत संगणक विझला. या प्रवाहांत शेंकडा पांचांपर्यंतची घट चालते, म्हणजे ११.४ च्या खालीं जातां कामा नये.

पेटी उघडली. आंत दोन कपॅसिटर डोक्याला फुगलेले, आणि पेटीच्या पंख्यावर पिवळसर धुळीचा थर, बोटानें उचलावा इतका. लातूर ही तुरीच्या डाळीची पेठ. वाऱ्याची दिशा जुळली कीं डाळमिलांचा भुसा घरांत देवाच्या वस्त्रांवर बसतो, तर पेटींत कां न बसावा? नवी पेटी बसविली. खर्च दुकानदाराच्या अंदाजाच्या दहाव्या भागाहूनहि कमी आला. त्या दिवसापासून संगणक दुपारीं एकदांहि बंद पडला नाहीं.

घरांत यावर भाषणें कांहीं झालीं नाहींत. संध्याकाळीं सासूबाईंनीं कैरीचें पन्हें केलें आणि पहिला पेला, सून काम करीत बसली होती तेथें नेऊन ठेविला. बंधूंनीं दुकानदाराचा कागद फाडला नाहीं. त्याच्या कोऱ्या बाजूवर सुनेनें तक्ता आखला असून खोलीचें उष्णतामान आणि प्रोसेसरचें उष्णतामान ती रोज समोरासमोर लिहिते. दोहोंतलें अंतर वाढूं लागलें, तर धूळ साचली किंवा लेप वाळला असें समजावें. आमच्या मतें नुसत्या आकड्यापेक्षां हें अंतर शतपट उपयोगी आहे. कारण त्यांत ऋतूचा हिशेब आपोआप वजा होतो, आणि आकड्यांत वीसाची भर असली तरी ती रोज सारखीच असल्यामुळें बाधत नाहीं.

लातुराहून परतल्यावर आम्हीं नांदेडच्या घरच्या संगणकाचीहि चौकशी आरंभिली. तो दुपारीं फार मंद चाले. नातू त्याला म्हातारा म्हणे. त्याच्या पडद्यावर ४१ अंश. नांदेडची वैशाखी दुपार, खोली ३८ वर, आणि राबणारा प्रोसेसर तिच्याहून अवघे तीन अंश वर! इतकी शांति योग्यालाच शोभावी. शोध केल्यावर कळलें कीं तो आकडा प्रोसेसरचा नव्हेच. मदरबोर्डाच्या कोपऱ्यांतल्या एका सेन्सरचा होता, आणि प्रोग्रामनें त्याला 'उष्णतामान १' एवढेंच नांव दिलें होतें. प्रोसेसरच्या स्वतःच्या सेन्सरला विचारलें, तेव्हां ९९ आणि १००. या जातीचे सेन्सर मोठे मजेचे असतात. आपण किती तापलों हें ते सांगत नाहींत. मर्यादेपासून किती खालीं आहों तेवढें सांगतात. मर्यादा १०० असेल तर त्यांतून तें अंतर वजा करून प्रोग्राम अंश काढतो. सेल्सियसनें १७४२ मध्यें आपली मोजपट्टी मांडली तेव्हां त्यानेंहि उकळत्या पाण्याला शून्य आणि गोठत्या पाण्याला शंभर धरले होते; ती पट्टी पुढें इतरांनीं उलटी केली. हे सेन्सर त्या मूळ रीतीचेच अनुयायी म्हणावयाचे. म्हणून मर्यादेजवळ त्यांचें सांगणें पुष्कळ विश्वसनीय असतें, आणि थंड असतांनाचें तितकें नसतें. थंडींतल्या पहांटे असा आकडा खोलीपेक्षांहि खालीं दिसला, तर त्यावर निबंध लिहूं नये.

येथें ९९ चा आकडा खराच असला पाहिजे, कारण यंत्र मंद चालत होतें. धूर दिसत होता, तेव्हां अग्नि होताच. आणि इतकें असून ठोकळ्याचे पंख जेमतेम कोमट! आंत वणवा आणि वर कोमट, म्हणजे मधला संबंध तुटलेला. ठोकळा धरून ठेवणाऱ्या चार प्लॅस्टिकच्या पायांपैकीं एक वर उचकटला होता, आणि ठोकळा एका अंगाला कलला होता. जुना लेप पुसून वाटाण्याएवढा नवा लेप दिला, चारी पाय आवाज येईपर्यंत दाबले. त्याच दुपारीं ७२. लातूरच्या खोट्या तापानें निदान चार माणसें धांवून आलीं. या खोट्या गारव्याकडे दोन उन्हाळे कोणीहि फिरकलें नव्हतें.

आतां दोन्ही घरीं महिन्याच्या पहिल्या रविवारीं संगणकाची धूळ झाडण्याचा नेम आहे. वीज तोडून, रंगाऱ्याच्या मऊ कुंचल्यानें, अंगणांत. त्या वेळीं पंख्याचीं पातीं बोटानें धरून ठेवावींत, गरगर फिरूं देऊं नयेत. त्याचीं बेअरिंगें झिजतात. एस. एम. पी. एस. ची पेटी मात्र घरीं उघडूं नये; वीज तोडल्यावरहि तिच्यांत कांहीं काळ धक्का देण्याइतका दाब शिल्लक राहतो. तें काम जाणत्याचें.

नांदेडच्या यंत्रांत 'उष्णतामान ३' म्हणून आणखी एक आकडा आहे. तो उन्हाळा, पावसाळा, हिंवाळा, सदैव १२७. मदरबोर्डाच्या त्या जागेला सेन्सर जोडलेलाच नाहीं. आठ घरांच्या द्विमान संख्येंत एक घर धन-ऋण चिन्हाला दिलें, कीं उरलेल्या सातांत मावणारी मोठ्यांत मोठी संख्या १२७. रिकाम्या जागेला विचारलें असतां तेवढीच येते. प्रोग्रामांत अशा आकड्यांचीं नांवें आपल्याला बदलतां येतात. नातवानें त्याच्यापुढचें 'उष्णतामान ३' खोडून तेथें 'घरीं कोणी नाहीं' असें लिहून ठेविलें आहे.